नाण्याचं गाव



 नाण्यांचे संग्राहक, अभ्यासक आणि लिलावदार यांची ही परिषद नाशिकला भरते आहे याचा आनंद वेगळा आहे. अंजनेरीची नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधनसंस्था इथून हाकेच्या अंतरावर, आणि 1906 साली ज्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला, ते गावही याच जिल्ह्यातलं. आज मला लिलावाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात जोगलटेंभीपासूनच करावी लागेल.

त्या निधीत तेरा हजारांवर नाणी होती, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. असं एखादं नाणं भिंगाखाली धरलं की डोंगराच्या आडून नहपानाचं नाक नाहीतर हनुवटी डोकावते, काठाशी ग्रीक अक्षरांचे तुकडे उरलेले दिसतात. पण एकटं नाणं एवढंच सांगतं की यावर दुसऱ्यांदा ठसा पडला. शत्रूचं चलन टांकसाळीत आणून, त्यावर हजारोंच्या संख्येने आपली मुद्रा उठवून ते पुन्हा बाजारात सोडलं गेलं, हे कळतं ते अख्ख्या निधीवरून. पांडवलेण्यांतल्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचं म्हटलं आहे. तो लेख त्याच्या आईने, नातवाच्या कारकिर्दीत कोरवून घेतलेला. प्रशस्तीत शब्द सढळ असतात. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या शब्दांना पुरावा दिला, आणि तो देता आला कारण निधी फुटण्यापूर्वी कुणीतरी बसून तो मोजला, त्याची नोंद केली.

तोच निधी आज सापडला तर? नहपानाचे स्वच्छ, ठसठशीत चेहरे एकेका लॉटमध्ये लागतील. ठशाखाली बुजलेली नाणी ‘पन्नास नग, साधारण स्थिती’ म्हणून एकगठ्ठा जातील. दोन वर्षांत ती चार शहरांत पांगतील आणि त्यांची मोजदाद पुन्हा कुणालाही करता येणार नाही.

याचा अर्थ मी लिलावांच्या विरोधात आहे असा कुणी घेऊ नये. लिलावाने नाणी वाचवली आहेत. गोदावरीच्या पात्रातला गाळ धुणाऱ्या झारेकऱ्यांच्या घमेल्यात सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची नाणी येत आली आहेत. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती भंगाराच्या भावाने जात. शिवराया तांब्याच्या मोडीत वितळल्या, होन सोनाराच्या मुशीत गेले. या धातूला धातूपेक्षा जास्त मोल आहे हे गावोगाव पोचवलं ते बाजाराने. शिवाय सराफाच्या दुकानामागे दोघांत होणारा सौदा तिसऱ्याला कळत नसे. छापील कॅटलॉगात नाण्याचं छायाचित्र येतं, वजन येतं, हातोडा पडल्यावर भावही जाहीर होतो. अभ्यासकाला हे घरबसल्या मिळतं, ही मोठी सोय आहे.

मग अडतं कुठे? कुठल्याही लिलावात हमखास असणारा शिवराईचा लॉट घ्या. एका बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. कॅटलॉगात धातू, वजन, ‘उत्तम स्थिती’, अंदाजे किंमत, सगळं असतं. कुठे सापडली, हे नसतं. आता बहुतेक शिवरायांवर ना साल आहे, ना टांकसाळीचं नाव. ‘शिव’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे ‘श’च्या जागी ‘स’, ‘पति’चंही तसंच. हे प्रकार कुठल्या टांकसाळीचे, कुठल्या काळातले, हे ठरवायला आपल्याकडे मुख्य साधन एकच आहे, ते म्हणजे कुठला प्रकार कुठल्या भागात जास्त सापडतो ते पाहणं. हजारो शिवराया आपल्या हातांतून गेल्या आणि त्यांची गावं आपण लिहून ठेवली नाहीत. ज्या राजाचं नाव आपण एवढ्या अभिमानाने घेतो, त्याच्या टांकसाळींचा माग आपल्याच व्यवहारात पुसला जातो आहे, याचं मला फार दुःख होतं.

विक्रेते गाव का सांगत नाहीत, हे मात्र समजून घ्यायला हवं. याचं मूळ 1878 च्या निखात निधी कायद्यात आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक. ते बरोबरच आहे. पण निधी सरकारने ठेवून घेतला, तर मोबदला ठरतो तो त्यातल्या धातूच्या किमतीवर एक पंचमांश चढवून. नांगराला तांब्याची नाणी लागलेल्या शेतकऱ्याने काय करावं? कळवलं तर मोडीपेक्षा थोडं जास्त, गुपचूप विकलं तर कित्येक पट. कायदाच त्याला गप्प बसायला शिकवतो. ब्रिटनने 1996 च्या कायद्याने संग्रहालयांकडे जाणाऱ्या निधीसाठी बाजारभावाने मोबदला ठरवला, आणि तिथले लोक शेतात सापडलेलं दाखवायला आपणहून पुढे येतात. आपला कायदा बदलला पाहिजे, आणि ती मागणी सगळ्यांत आधी आपण केली पाहिजे.

गाव नोंदवण्यात घेणाऱ्याचंही हित आहे. बोली चढत असताना दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की भाव कुठल्या कुठे जातो. वर खरेदीदाराचा प्रीमियम, त्यावर जीएसटी. एवढं मोजून घरी आणलेला होन ओतीव निघाला तर? काठावर साच्याचा पुसटसा जोड, भिंगाखाली बुडबुड्यांचे बारीक खळगे, अक्षरांच्या कडा बोथट, या खुणा आपल्याला ठाऊक आहेत. पण हल्ली बनावट नाणी करणारे बरेचजण साच्यात ओतत नाहीत, नवा ठसा कोरून नाणं पाडतात, तेव्हा भिंगही अपुरं पडतं. तिथे उपयोगी पडतो तो नाण्याचा मागचा प्रवास: आधी कुणाच्या संग्रहात होतं, जुन्या कुठल्या कॅटलॉगात छापलं गेलं, कुठून आलं. शंभर वर्षांवरचं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा ही नाणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच फिरणार आहेत. आज लिहिलेली ओळ उद्याच्या घेणाऱ्याला मिळेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक लॉटखाली प्राप्तिस्थान आणि पूर्वीचा संग्रह यांसाठी एक ओळ असावी. नेमकं गाव ठाऊक नसेल तर तालुका लिहा, तालुका नसेल तर जिल्हा, तोही नसेल तर ‘अज्ञात’ असं स्पष्ट छापा. एकत्र आलेली नाणी फोडण्याआधी सगळ्यांचं वजन करून फोटो काढा आणि ती यादी अंजनेरीसारख्या संस्थेकडे द्या. संग्राहकांनी बोली लावण्याआधी हा प्रश्न विचारायचाच, असं ठरवावं. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार उत्तर ठेवतो.

या आशयाचा ठराव दुपारच्या खुल्या अधिवेशनात मी मांडतो आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक मला लिलावदारांमधून हवा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी नोंदणीच्या टेबलापाशीच थांबतो, मसुदा वाचून घ्या, त्यात काय बदल हवा ते सांगा.