एकटेपण हा आजार नव्हे

जबलपूर हे शहर मराठी माणसाला परके नाही. 1817 पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्यप्रांताच्या काळात नागपूर राजधानी झाली, आणि नोकरी, वकिली व अध्यापन यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली आणि नर्मदेच्या काठी स्थिरावली. या शहराने आपल्या विद्यापीठाला राणी दुर्गावतीचे नाव दिले आहे. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुलाला सांभाळीत तिने गोंडवनाचे राज्य एकटीने चालविले आणि 1564 साली मोगली फौजेशी लढताना तिला वीरमरण आले. एकट्या स्त्रीने राज्य राखले, याचा जबलपूरकरांना आजही अभिमान आहे. मात्र त्याच शहरात एखादी स्त्री एकटीने मूल वाढवू म्हणाली, तर शेजारच्या चार घरांतून भुवया उंचावल्यावाचून राहत नाहीत.

अशाच एका स्त्रीची कल्पना करावी. वय 36. शिक्षण झालेले, नोकरी पक्की, डोक्यावर स्वतःचे छप्पर. लग्नाचा योग आला नाही, किंवा आला तो मनास पटला नाही. मूल मात्र हवे आहे, आणि ही इच्छा क्षणिक नव्हे, हे तिने पुष्कळ रात्री जागून ताडून पाहिले आहे. ती डॉक्टरांकडे जाते. तपासण्या होतात, आणि हाती एक कागद येतो : दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी हॉर्मोनची इंजेक्शने. घरी मावशी म्हणते, "अगं, इतक्या सुया टोचून घ्यायच्या, आणि त्याही एकटीने? सुयांशिवाय दुसरा काही उपाय नाही का?"

मावशीचा हा प्रश्न वरकरणी भाबडा वाटतो. पण नेमका तोच विचारण्याजोगा आहे.

या उपचारांची सारी घडी मुळात जोडप्यांसाठी बसलेली आहे. वर्ष-वर्ष वाट पाहूनही मूल झाले नाही, म्हणजे कोठे तरी अडथळा आहे, असे गृहीत धरून जोडपे दवाखान्याची पायरी चढते. एकट्या स्त्रीची गोष्ट निराळी आहे. तिच्या बाबतीत अडथळा सिद्ध झालेला नसतो. तिच्याजवळ पुरुषबीज नसते, एवढेच. एकटेपण हा आजार नव्हे, आणि जो आजार नव्हे त्यावर औषध देता येत नाही. म्हणून तिने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ही इंजेक्शने आपल्या शरीरातील कोणत्या उणिवेवर आहेत? उत्तर मिळाले, तर इंजेक्शनाला अर्थ आहे. उत्तर मिळाले नाही, तर आणखी विचार करण्यास जागा आहे.

इंजेक्शन नेमके काय करते, हे यासाठी समजून घेतले पाहिजे. स्त्री जन्मतःच आपला बीजांचा साठा घेऊन येते. जन्मवेळी तो दहा ते वीस लाखांचा असतो. वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतो. आणि उभ्या आयुष्यात त्यांपैकी सुमारे चारशे बीजेच पक्व होऊन बाहेर पडतात. दर महिन्याला बीजांचा एक लहानसा गट वाढीस लागतो. मेंदूतील पोषग्रंथीकडून येणारे संप्रेरक पुढे कमी होत जाते. त्या तुटवड्यात एक बीज तग धरते आणि बाकीची सुकून जातात. इंजेक्शनाने तेच संप्रेरक बाहेरून पुरविले जाते, त्यामुळे सुकणार होती ती बीजेही पिकतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात. इंजेक्शनाने पुढील वर्षांचा साठा आधीच संपतो, ही भीती निराधार आहे. जी बीजे त्या महिन्यात वायाच जाणार होती, तीच हाती लागतात. त्याचबरोबर इंजेक्शनाने बीजाचे वय मात्र कमी होत नाही. छत्तीस वर्षांच्या स्त्रीची दहा बीजे पिकविली, तरी ती दहाही छत्तीस वर्षांचीच असतात.

या शास्त्राच्या इतिहासातच हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी उभे आहेत. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही प्रयोगशाळेतील फलनातून जन्मलेली जगातील पहिली मुलगी जन्मास आली. तिच्या आईला बीजे वाढविण्याची इंजेक्शने दिलेली नव्हती. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी हॉर्मोन देऊन बरेच प्रयत्न केले होते. ते फसले, तेव्हा त्यांनी निसर्गक्रमाने पिकलेले एकच बीज घेतले आणि यश आले. त्यानंतर दहा आठवड्यांनी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. त्यांनी इंजेक्शनांनी अनेक बीजे पिकविली होती, आणि गर्भ गोठवून ठेवून पुढच्या पाळीत गर्भाशयात सोडला होता. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. 1986 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर त्या कार्यात असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे 1997 साली मुखोपाध्यायांचा पहिलेपणाचा मान जाहीरपणे मान्य केला. आज जगभर जी पद्धत रूढ आहे, ती बव्हंशी कलकत्त्याचीच आहे. पण ज्या मार्गाने लुईस आली, तोही मार्ग खोटा ठरलेला नाही. दोन्ही मार्गांना आपापले प्रसंग आहेत.

मग जबलपूरच्या त्या स्त्रीपुढे कोणकोणते मार्ग असतात?

पहिला मार्ग अगदी साधा आहे. पाळी नियमित असेल, गर्भनलिका मोकळ्या असतील आणि बीजांचा साठा वयाच्या मानाने ठीक असेल, तर कोणतेही औषध न घेता, बीज सुटण्याची वेळ साधून, अधिकृत बँकेतून आणलेले दात्याचे वीर्य गर्भाशयात सोडता येते. दर महिन्याची शक्यता माफकच असते, म्हणून दोन-चार महिन्यांचा धीर लागतो. दुसरा मार्ग गोळ्यांचा. क्लोमिफेन किंवा लेट्रोझोल यांच्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी शरीर स्वतःचेच संप्रेरक अधिक तयार करते. लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगावरील औषध. आपल्या देशात 2011 साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली होती, ती 2017 साली उठली. ज्यांचे बीज वेळेवर सुटत नाही, त्यांना या गोळ्या विशेष उपयोगी पडतात. तिसरा मार्ग सौम्य मात्रेचा : गोळ्या आणि जोडीला थोडी इंजेक्शने. बीजे थोडी मिळतात. त्रास आणि खर्चही त्याच मानाने कमी होतो. चौथा मार्ग पूर्ण मात्रेच्या इंजेक्शनांचा, ज्यात बीजे बाहेर काढून प्रयोगशाळेत फलन घडवितात.

येथे एक गोष्ट एकट्या स्त्रीने विशेष ध्यानात धरावी. पूर्ण मात्रेची इंजेक्शने घेऊन वीर्य नुसते गर्भाशयात सोडले, तर किती बीजे फळतील यावर कोणाचा ताबा राहत नाही, आणि जुळ्या-तिळ्यांचा संभव वाढतो. जुळी मुले दोघांच्या संसारातही ओढाताण करतात. एका माणसाच्या मिळकतीवर आणि एका माणसाच्या झोपेवर तो भार किती पडेल, हे सांगावयास नको. प्रयोगशाळेच्या मार्गात मात्र एकच गर्भ आत सोडावयाचा, असा निश्चय करता येतो.

इंजेक्शनांचा मार्ग योग्य केव्हा? वय अडतिसाच्या पुढे सरकले असेल, रक्ताच्या व सोनोग्राफीच्या तपासणीत बीजांचा साठा अल्प दिसत असेल, नलिका बंद असतील, साध्या मार्गाचे काही प्रयत्न निष्फळ झाले असतील, किंवा पुढच्या काळासाठी बीजे गोठवून ठेवावयाची असतील, तेव्हा सुईला घाबरून महिने दवडणे शहाणपणाचे नव्हे. 'नैसर्गिक' या शब्दाला एक मोहिनी असते. त्या मोहिनीपोटी कोणी काढे घेते, कोणी शक्तिवर्धक पुड्या घेते, कोणी नवस बोलते. त्यातून मनाला आधार मिळत असेल तर मिळो; पण बीजाचे वय मागे नेणारे औषध आजवर कोणालाही सापडलेले नाही, आणि वाट पाहण्यात जी दोन वर्षे जातात, ती मग कोणतीही सुई परत आणू शकत नाही.

हा मार्ग पत्करला, तर त्याचा दिनक्रमही डोळ्यांसमोर असावा. औषध थंड ठेवावे लागते, जबलपूरच्या मे महिन्यात तर विशेषच. बारीक सुईने पोटाच्या कातडीखाली ते स्वतःच टोचता येते. पहिल्या दिवशी हात थरथरतो, तिसऱ्या दिवशी सरावतो. शेवटचे इंजेक्शन रात्री ठरल्या घटकेलाच घ्यावे लागते, कारण त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी बीजे काढावयाची असतात. त्या दिवशी भूल दिलेली असल्याने परत घरी आणावयास कोणी तरी हवे. नंतर पोट फुगणे, वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे, दम लागणे अशी लक्षणे दिसली, तर रात्र उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. अंडाशय बेसुमार उत्तेजित झाल्याची ती खूण असते. हा धोका अलीकडच्या पद्धतींनी बराच कमी झाला आहे, पण नाहीसा झालेला नाही. एकट्या राहणाऱ्या स्त्रीने म्हणूनच एखादी मैत्रीण, बहीण किंवा तीच ती मावशी आधीपासून विश्वासात घेऊन ठेवावी. निर्णय एकटीचा असला, म्हणजे सोबतही नाकारावी, असा काही नियम नाही.

कायद्याची बाजूही जाणून घेण्याजोगी आहे. 2021 चा साहाय्यित प्रजननाचा कायदा जानेवारी 2022 पासून अमलात आला. 21 वर्षांवरील आणि 50 वर्षांखालील कोणत्याही स्त्रीला, ती अविवाहित असो वा विधवा, हे उपचार घेता येतात. वीर्यदात्याचा मुलावर कोणताही पालकत्वाचा हक्क राहत नाही. सरोगसीचे दार मात्र एकट्या स्त्रियांपैकी केवळ 35 ते 45 वयाच्या विधवा व घटस्फोटिता यांनाच उघडे आहे. या कायद्याने दवाखान्यांवर एक कर्तव्य सोपविले आहे, ते फार मोलाचे : यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्यांचा धोका हे सारे त्यांनी समजावून सांगितलेच पाहिजे. तेव्हा "सौम्य मात्रेने आरंभ केला तर काय होईल?" असे विचारणारी स्त्री उद्धट नव्हे, कायद्याने दिलेले तेच ती मागत असते.

आणखीही एक वाट आहे, दत्तकाची. एकट्या स्त्रीला मुलगा वा मुलगी, दोन्ही दत्तक घेता येतात. पण तेथेही घड्याळ आहेच : दोन वर्षांपर्यंतचे बालक हवे असल्यास एकट्या पालकाचे वय 40 च्या पुढे असून चालत नाही. म्हणून दत्तकाचा विचार सर्व उपाय थकल्यावर करावयाचा, असे न मानता तोही प्रथमपासून इतर मार्गांच्या रांगेत ठेवणे बरे.

सुई घेणारी शूर आणि नाकारणारी भित्री, असे काही नाही. घेणारी कृत्रिम आणि नाकारणारी सात्त्विक, असेही नाही. आपले वय किती, साठा किती, हाताशी पैसा किती, किती महिने धीर धरवेल आणि कोठे थांबावयाचे, हा हिशेब जिने मांडला, तिचा निर्णय कोणताही असो, तो योग्यच होय. जबलपूरची ती स्त्री पुन्हा डॉक्टरांपुढे बसेल, तेव्हा तिच्या हातात प्रश्नांचा एक कागद असेल. त्यावर पहिल्या ओळीत मावशीचा प्रश्न लिहिलेला असावा. आणि उत्तर ऐकताना मावशी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असावी.