गेलेले पैसे गेले म्हणा

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील, काहीजण आत जाऊनही आले असतील. तिथल्या रुलेटचा हिशेब आधी ऐका. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात. प्रत्येक घरावर एकेक रुपया लावलात, तर गेले ३७ आणि हाती आले ३६. एक रुपया मालकाचा. चाकात कसलीही लबाडी नसताना हे असं. मटक्यात तर दहातला एक आकडा लागणार आणि रुपयाला नऊ मिळणार. शिवाय धंदा बेकायदेशीर, बुकीनं हात वर केले तर दाद कुणाकडे मागणार?

तेव्हा जायचंच असेल, तर परत येणार नाही असं समजूनच रक्कम घरून ठरवून न्या. कार्ड खोलीवर ठेवा. उसने घेऊ नका. आणि खेळताना दारू नको. दोन पेग पोटात गेले की ठरवलेली रक्कम कुणाच्या लक्षात राहते?

माझ्याकडे उपचाराला येणारे बहुतेकजण हावेनं बुडालेले नसतात. गेलेलं भरून काढायच्या नादात ते बुडतात. पाच हजार गेले म्हणून दहा लावले, मग पतसंस्थेचं कर्ज, मग बायकोच्या बांगड्या. त्यात थोडक्यात हुकलेला डाव हरल्यासारखा वाटतच नाही, जिंकत आल्यासारखा वाटतो. मोबाइलवर तर हा जुगार मध्यरात्री, पांघरुणात चालतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला. पण सवय कायद्यानं सुटत नाही.

घरच्यांनी एक करावं. ‘एकदा फेडून टाकू, मग सुधारेल’ म्हणून व्यसन लागलेल्याच्या हातात रोख देऊ नये. देणं थेट देणेकऱ्याला द्या, आणि बँकेचे व्यवहार काही काळ दुसऱ्यानं पाहावेत. तो गप्प राहू लागला, झोप उडाली, तर जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तसं मनात येतं, ही समजूत चुकीची आहे.

जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याची नोंद आहे, आणि त्यावर उपचार होतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं. आजच फोन करा.