खदानीतला दिवा, पिंजऱ्यातलं पाखरू आणि आपली शेगडी

आपल्या कोळशाच्या पट्ट्यात कुणीच खदानीत जात नाही असं घर शोधावं लागेल. सासरे गेले, नवरा जातो, दीर जातो. पण खाली जाताना ते जवळ काय ठेवतात आणि कशासाठी, हे आपण फारसं विचारत नाही. तशी बायकांना खाण नवी नाही. आपल्या देशात बायकाही जमिनीखाली कोळसा वाहत होत्या. १९३७ साली त्यावर बंदी आली, महायुद्धात १९४३ला ती उठवली, १९४६ला पुन्हा घातली. गरज पडली की बाई चालते, हे तेव्हाही तसंच! असो.

कोळशाच्या थरात मिथेन वायू दडलेला असतो. कोळसा फोडला की तो सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेत पुरेसा मिसळला की एका ठिणगीने स्फोट होतो. तरी पूर्वी खाली उजेडाला मेणबत्त्या आणि उघडे दिवेच असत. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यांत लहान पोरंही होती. त्यानंतर तिथल्या लोकांनी शास्त्रज्ञांना गळ घातली आणि १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी सुरक्षा-दिवा तयार केला.

युक्ती साधी होती. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी, पिठाच्या चाळणीसारखी. एका चौरस इंचात ७८४ भोकं. वायू जाळीतून आत येऊन जळतो, पण तार त्याची उष्णता ओढून घेते, म्हणून आग बाहेर पडत नाही. शिवाय हा दिवा बोलायचा. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की मिथेन आला; ज्योत मंदावून विझली की प्राणवायू कमी पडला. डेव्हींनी त्याचं पेटंट घेतलं नाही, हे आम्हाला फार आवडलं.

मग माणसं मरायची थांबली? नाही. १८३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने हिशेब मांडला. डरहॅम आणि नॉर्थम्बरलँड भागात दिव्याआधीच्या १८ वर्षांत ४४७ माणसं गेली होती, नंतरच्या १८ वर्षांत ५३८. कारण दिवा आला म्हणून मालकांनी जास्त वायूच्या, आधी सोडून दिलेल्या जागाही उघडल्या. जाळी फाटायची, तापून लाल व्हायची. उजेड इतका कमी की मजूर जाळी काढून काम करायचे. त्यांना निष्काळजी म्हणणं सोपं आहे, पण मजुरी कोळशाच्या मापावर, आणि अंधारात माप भरत नाही. पुढे दिव्यांना कुलूप लावूनच ते हाती देऊ लागले.

दुसरा शत्रू त्याहून गुपचूप येणारा. १८९६ साली वेल्समध्ये टायलर्सटाऊनच्या खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेक माणसं स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचं दिसलं. मग खाली कॅनरी नावाचं छोटं पाखरू नेऊ लागले. त्याचा श्वास भरभर चालतो, म्हणून विष त्याला आधी चढतं. ते दांडीवरून पडलं की माणसांनी मागे फिरायचं. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची नळकांडी असे, पाखराला शुद्धीवर आणायला. ब्रिटनने ही पाखरं बंद करायचं ठरवलं ते थेट १९८६ साली. आज आपली माणसं कमरेला सेल्फ रेस्क्युअरचा डबा लावतात, तो अशाच हवेतून जिवंत बाहेर पडता यावं म्हणून.

आता हाच वायू आपल्या घरातही येतो, म्हणून हे सगळं सांगितलं. थंडीत धूर जाऊन निखारे लाल झाले की शेगडी आत घेतो, दार लावतो आणि लेकरांना जवळ झोपवतो. धूर गेला तरी कार्बन मोनॉक्साइड त्या लाल निखाऱ्यांतून येतच असतो, आणि आपल्याकडे पाखरू नाही. डोकं जड होतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि आपण म्हणतो, पित्त झालं.

झोपताना शेगडी बाहेरच ठेवा. कुणाला असा त्रास झाला तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत न्या, १०८ला फोन करा. आणि दवाखान्यात शेगडी पेटवली होती हे न विसरता सांगा, म्हणजे डॉक्टर पित्ताचं औषध देऊन परत पाठवणार नाहीत.