उमेदवाराचे दप्तर उघडा

(नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



बावीस प्रतिज्ञा उच्चारून ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली, त्यांच्यापुढे निवडणुकीचा विषय कशासाठी, असे आपणांपैकी कोणी विचारील. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचे मर्म हे की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानू नये. ती स्वतः पारखून घ्यावी. ही पारख विहारात ठेवून मतदान केंद्रात जावयाचे काय? मी पेशाने वकील आहे. साक्षीदाराचा चेहरा सोज्वळ आहे म्हणून न्यायालयात निकाल लागत नाही. तेथे पुरावा लागतो. निवडणुकीतील उमेदवाराचा पुरावा म्हणजे त्याने पूर्वीच्या पदावर केलेले काम. हा पुरावा दुर्लक्षिला म्हणजे काय घडते, हे अमेरिकेतील लॉस एंजल्स शहराच्या उदाहरणाने मी सांगणार आहे.

इतक्या दूरचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि आपला प्रश्न यांतील नाते बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ साली त्यांनी डॉ. डु बॉईस या कृष्णवर्णीय विद्वानांशी पत्रव्यवहार करून, त्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. दुसऱ्या पीडितांच्या अनुभवावरून शिकण्याची ही दृष्टी आपणही सोडता कामा नये.

टॉम ब्रॅडले यांचा जन्म १९१७ साली टेक्सासमध्ये, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकविणाऱ्या कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा गुलामीत जन्मले होते. १९४० साली ते लॉस एंजल्सच्या पोलीस दलात दाखल झाले. एकवीस वर्षांच्या नोकरीत ते लेफ्टनंट झाले. त्या काळी कृष्णवर्णीयाला त्यापुढची पायरी दिसत नव्हती. गोऱ्या व काळ्या शिपायांनी एकाच गस्तगाडीत बसावे असा प्रयत्न त्यांनी केला, तर गोऱ्या शिपायांनी तो हाणून पाडला. ब्रॅडले रात्रीच्या वर्गांना जाऊन कायदा शिकले व वकील झाले. १९६३ साली ते नगरसेवक म्हणून निवडून आले, तेही जेथे कृष्णवर्णीयांचे बहुमत नव्हते अशा विभागातून.

ऑगस्ट १९६५मध्ये त्या शहराच्या वॉट्स भागात भयंकर दंगल उसळून चौतीस माणसे प्राणास मुकली. त्या वेळी महापौर सॅम यॉर्टी व पोलीसप्रमुख पार्कर यांच्या धोरणावर नगरसेवक ब्रॅडले यांनी उघड टीका केली. पोलिसांचा अंतरंग परिचय असलेला माणूस पोलिसांना कायद्याच्या मर्यादेत राहा असे सांगत होता. यात पोलिसांचे वैर कोठे होते?

तथापि १९६९ साली ते महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा हीच टीका त्यांच्यावर उलटविण्यात आली. पहिल्या फेरीत त्यांना सुमारे बेचाळीस टक्के मते पडली, यॉर्टी यांना केवळ सव्वीस. मग यॉर्टी यांनी प्रचाराचा रोख बदलला. हा मनुष्य पोलिसांचा शत्रू आहे, जहाल मंडळींच्या हातातले बाहुले आहे, हा आला तर पोलीस नोकऱ्या सोडून जातील, असे भय घरोघर पसरविले गेले. एकवीस वर्षे ज्याने अंगावर पोलिसाचा गणवेष वागविला, त्याच्यावर हा आरोप! दप्तर उघडून पाहिले असते तर आरोप एका दिवसात कोसळला असता. परंतु पुष्कळांनी ते उघडले नाही. अखेरच्या फेरीत यॉर्टी त्रेपन्न टक्के मते घेऊन विजयी झाले.

ब्रॅडले यांनी रडगाणे गायले नाही. चार वर्षे ते नगरसभेत काम करीत राहिले. १९७३ साली ते पुन्हा उभे राहिले व आपली पोलीस सेवा त्यांनी मतदारांपुढे पुनःपुन्हा ठेवली. समुद्रकिनाऱ्यालगत तेलविहिरी खोदण्यास आपला विरोध आहे, हेही त्यांनी बजावून सांगितले. या खेपेस त्यांना छप्पन्न टक्के मते मिळाली. त्या शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती अठरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे इतर समाजांतील लाखो मतदारांनी या वेळी भयाऐवजी पुरावा मानला.

हकीकत येथेच संपविली असती तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण उलटतपासणी आपल्या बाजूच्या साक्षीदाराचीही झाली पाहिजे. ब्रॅडले वीस वर्षे महापौर होते. शहराच्या नोकऱ्यांत कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना त्यांनी पूर्वीपेक्षा अधिक वाव दिला, हे त्यांच्या जमेस आहे. परंतु ज्या तेलविहिरींना विरोध करून ते निवडून आले, त्यांनाच १९८५ साली त्यांनी मंजुरी दिली. १९८८ साली नागरिकांनीच मतदान करून ती वाट बंद केली. शहराच्या मध्यभागी उंच इमारती उठल्या, दक्षिणेकडील गरीब वस्त्या मात्र गरीबच राहिल्या. एप्रिल १९९२मध्ये, रॉडनी किंग यांना मारहाण करणारे पोलीस निर्दोष ठरताच तेथे पुन्हा आगडोंब उसळला व पन्नासांहून अधिक माणसे मेली. त्या वेळी पोलीसप्रमुखास दूर करण्याचा अधिकारही महापौराच्या हाती नव्हता. प्रमुखाच्या कारकीर्दीला मर्यादा घालणारी दुरुस्ती मतदारांनी त्यानंतर, जून १९९२मध्ये मंजूर केली.

आता आपल्या घराकडे वळू. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही त्या सवलतींत स्थान मिळाले. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींसाठी व स्त्रियांसाठी जागा राखल्या. धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातीचा मनुष्य या राखीव जागेवरील हक्काला मुकत नाही, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. परंतु राखीव जागा माणसाला सभागृहात नेऊन बसविते. तेथे त्याने तोंड उघडले की नाही, हे पाहण्याचे काम आपले आहे. महानगरपालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची खरी सत्ता आयुक्तांकडे असते. म्हणून नगरसेवक निवडताना जो डोळे मिटून घेतो, त्याला पुढे महापौराला दोष देण्याचा अधिकार उरत नाही.

मत मागावयास येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. मागील पाच वर्षांत आमच्या वस्तीच्या नळासाठी, गटारासाठी, सफाई कामगारांच्या घरांसाठी कोणता प्रश्न सभागृहात मांडलात? अंदाजपत्रकाच्या वेळी मत कोणत्या बाजूने दिलेत? जे वचन मोडले, ते का मोडले? उत्तर पटले नाही तर सभेचे इतिवृत्त मागा; २००५च्या माहिती अधिकार कायद्याने तो आपला हक्क आहे. उमेदवाराचे शपथपत्रही वाचून पाहा. तो आपल्या समाजाचा असला तरी सूट देऊ नका आणि दुसऱ्या समाजाचा असला तरी न वाचता दोष देऊ नका. राजकारणातील भक्ती ही अधोगतीची व अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिला होता. तो इशारा केवळ परक्यांसाठी होता काय?

माझी एकच विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. कोणी, कोणत्या तारखेस, काय वचन दिले ते तिच्यात लिहा आणि पुढे काय झाले तेही लिहा. आपल्या माताभगिनींनी ती वही सांभाळावी, कारण पाण्याचा हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आला म्हणजे त्याला बसावयास पाट द्या, पाणी द्या आणि त्याच्यासमोर ती वही उघडा.

जयभीम! जय भारत!