संकेतस्थळ आधी ऐकून पाहावे

संकेतस्थळे घडविणाऱ्यांच्या हाती आज साधने पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाचाच परिचय मी करून देणार आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक घडविण्यास प्रारंभ केला. विंडोज प्रणालीवर तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. उच्चार थोडा यांत्रिक आहे, इतकेच. परिपत्रकाचे नुसते छायाचित्र पानावर डकविले, तर तो ‘चित्र’ एवढेच सांगून पुढे जातो. तोच मजकूर युनिकोड अक्षरांत टंकित केला आणि पानाची भाषा मराठी असल्याची खूण संहितेत केली, तर अर्जाची अंतिम तारीख अंध उमेदवाराला स्वतःच कळते. तेव्हा पान प्रसिद्ध करण्यापूर्वी पडदा झाकून, माऊस बाजूला ठेवून, केवळ कळफलकावर संपूर्ण अर्ज एकदा भरून पाहावा.