विळ्याच्या आकाराची पेशी


निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि 10 ते 20 दिवसांतच फुटते. मग मूत्रपिंडे अस्थिमज्जेला सांगावा धाडतात, ‘आणखी पेशी करा!’ मज्जा रात्रंदिवस राबते, तरी तूट भरत नाही.

नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवर हातपाय ठणकणारे, डोळे पिवळे झालेले मूल दिसले, तर त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात.

आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून सोयरिकीआधी रक्त तपासायला सांगा. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्या मुलीला कुणी नावे ठेवली, तर तिच्या बाजूने उभे राहा.