विलायती खुर्ची

म्हसवडच्या आमच्या घरात ओसरीवर एक आरामखुर्ची आहे. हात इतके लांब, की त्यांवर पाय टाकून खुशाल पडावे. अब्बांनी ती कुठल्याशा लिलावात घेतली होती. घरात तिचे नाव ‘विलायती’. लहानपणी आम्हां भावंडांना तिच्यावर बसायची बंदी होती.

दोन वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मुंबईहून आला. म्हणाला, “चाचा, इंग्लिश माल दिसतोय. देऊन टाका.” छपराचे काम निघाले होते, पैसे हवेच होते. मी हो म्हणणार, तोच त्याने खुर्ची उलटी केली. प्रत्येक सांध्याशी पटाशीने आकडे कोरलेले: १, २, ३, ४. आपले, बाळबोध! “ही तर इथल्याच सुताराची,” म्हणत त्याने भाव निम्म्यावर आणला. मी खुर्ची सरळ केली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावले.

तेव्हापासून या विलायती सामानाचा मला नाद लागला. चिपेंडेल हे त्यातले सर्वांत मोठे नाव. १७१८ साली यॉर्कशरमधल्या ओट्ली गावी एका सुताराच्या घरी तो जन्मला. १७५४ मध्ये लंडनला त्याने नमुन्यांचे पुस्तक काढले, त्यात १६० चित्रे. ते उमरावांनी घेतले, तसे सुतारांनीही घेतले आणि त्याबरहुकूम खुर्च्या करू लागले. म्हणून ‘चिपेंडेल’ म्हणून मिरवणाऱ्या बहुतेक खुर्च्यांना त्याचा हातही लागलेला नाही. हेपलव्हाइटचे पुस्तक तर तो वारल्यावर दोन वर्षांनी, १७८८ साली, त्याच्या विधवेने छापले. खात्रीने त्याचीच म्हणावी अशी एकही वस्तू दाखवता येत नाही. शेरेटनचेही जवळपास तेच. तो १८०६ साली गरिबीत गेला. म्हणजे ही मोठी नावे टिकली ती पुस्तकांमुळे! (आम्हां कवींना एवढाच काय तो दिलासा.) आणि लाकूड? महॉगनी यायचे जमैकाकडून, तोडायचे गुलाम.

ही घडण साहेबाबरोबर इकडे आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी ती शिसवीत उतरवली आणि तिच्यावर आपल्या वेली, पानेफुले, पशुपक्षी कोरले. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणतात ते हेच. साहेबांनी आणि पारशी शेठजींनी त्याने दिवाणखाने सजवले. घेणाऱ्यांची नावे सापडतात, करणाऱ्यांची क्वचितच.

शब्दांचीही तीच गंमत. टेबल इंग्रजांचे, अलमारी पोर्तुगिजांची आणि खुर्ची अरबी ‘कुर्सी’वरून आलेली. अब्बा याच खुर्चीत बसून रात्री आयतुल कुर्सी म्हणत. तिथे कुर्सी म्हणजे अल्लाचे आसन. आमच्या ‘विलायती’ची कुर्सी मात्र कुणा सुताराची. तो कोण, हे अब्बांनाही ठाऊक नव्हते.

छप्पर उसनवारीने झाले. खुर्चीचा वेत दोन ठिकाणी उसवला आहे. विणणारा शोधतो आहे.